कार्बॉक्सिलएस्टरेज–१, मानवी

औषधे, मादक द्रव्ये व काही विषे यांतील एस्टर बंध पाण्याच्या साहाय्याने तोडून त्यांचे अम्ल आणि अल्कोहॉल असे दोन भाग करणारे, मुख्यतः यकृतात आढळणारे एंझाइम. संक्षेपाने सीईएस–१. पाठ्यपुस्तकांत त्याची गणना विषहारक एंझाइमांत होते. ही गणना सोयीची असली तरी एंझाइमाच्या रचनेतून ती सिद्ध होत नाही. रचनेवरून कळते ते इतकेच, की हे प्रथिन विशिष्ट घडणीचा बंध तोडते. तोडल्यावर विष उरते की औषध तयार होते, हे आत आलेल्या रेणूवर ठरते.

जनुक : १६व्या गुणसूत्रावर.

रचना : अमिनो अम्लांची साखळी साडेपाचशेहून थोडी अधिक लांबीची असून तिच्या शेवटी हिस्टिडीन, आयसोल्यूसीन, ग्लुटामिक अम्ल व ल्यूसीन असा चार अवशेषांचा तुकडा असतो. या तुकड्यामुळे एंझाइम पेशीबाहेर न जाता आंतर्द्रव्य जालिकेतच अडकून राहते. स्फटिकात तीन-तीन रेणूंचे गट दिसतात व असे दोन गट एकत्र येऊन षट्क बनते. सक्रिय स्थान पृष्ठभागावर नसून एका खोल घळीच्या तळाशी आहे. तेथे सेरीन २२१, ग्लुटामिक अम्ल ३५४ आणि हिस्टिडीन ४६८ हे त्रिकूट काम करते. त्रिकुटाच्या एका बाजूला लहान व ताठर कप्पा, तर दुसऱ्या बाजूला मोठा व लवचीक कप्पा असतो. एंझाइमाचा सारा स्वभाव या विषमतेत आहे. ज्या एस्टरांचा अल्कोहॉलाकडचा भाग लहान व अम्लाकडचा मोठा, ते त्याला मानवतात. आतड्यातील सीईएस–२ या एंझाइमाची आवड बरोबर याच्या उलट आहे. म्हणूनच कोकेनमधील मेथिल एस्टर सीईएस–१ तोडते, तर बेंझॉइल एस्टर सीईएस–२च्या वाट्याला येतो.

2003 मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील रेडिन्बो यांच्या गटाने प्रसिद्ध केलेल्या स्फटिक संरचनांचा उल्लेख कोकेन व हेरॉइन यांच्या चयापचयाचे चित्र म्हणून केला जातो. तो जपून करायला हवा. स्फटिकात कोकेन नव्हते, त्याचे सदृश होमॅट्रोपीन होते. हेरॉइनही नव्हते, नॅलोक्सोन मेथायोडाइड होते. पृथक्करणक्षमता सुमारे 2.8 ते 2.9 अँगस्ट्रॉम, म्हणजे कामचलाऊ. याहून महत्त्वाची बाब अशी, की कोकेनमधला जो मेथिल एस्टर हे एंझाइम तोडते तो होमॅट्रोपीनमध्ये नाहीच, आणि हेरॉइनमधले दोन ॲसिटिल गटही नॅलोक्सोनमध्ये नाहीत. तोडायचा बंधच गैरहजर असताना तो घळीत नेमका कसा बसतो हे अनुमानानेच सांगावे लागते. अर्थात, खरा पदार्थ घातला असता तर स्फटिक तयार होईपर्यंत त्याचे तुकडे झाले असते, म्हणून सदृश वापरणे अपरिहार्य होते, हा आक्षेप रास्त आहे. शिवाय कप्प्यांचे आकारमान आणि प्रयोगशाळेत मोजलेली निवड एकमेकांशी जुळतात, त्यामुळे अनुमान निराधार नाही. तरीही ते अनुमानच आहे, आणि नोंदींमधून नोंदींत उतरताना ही पायरी गळून पडते.

क्रिया : सेरीन २२१चा ऑक्सिजन अणू एस्टरातील कार्बोनिल कार्बनावर चाल करतो. अल्कोहॉलाचा भाग सुटतो, अम्लाचा भाग काही काळ एंझाइमाला चिकटून राहतो. त्यानंतर हिस्टिडीनच्या मदतीने पाण्याचा रेणू तो सोडवतो. क्रियेतील अस्थिर ऋणभाराला शेजारच्या ग्लायसीन १४२ व १४३ यांचा आधार मिळतो. दुसऱ्या टप्प्यात पाण्याऐवजी मद्यातील एथिल अल्कोहॉल हजर असले, तर एंझाइम तेही स्वीकारते. कोकेन व मद्य एकत्र घेणाऱ्याच्या यकृतात अशा रीतीने कोकाएथिलीन बनते. ते मादक तर असतेच, शिवाय शरीरात कोकेनपेक्षा अधिक काळ टिकते.

विषहरण : नेहमीचा युक्तिवाद असा, की एस्टर तुटल्यावर निघणारे पदार्थ पाण्यात अधिक विरघळतात, मूत्रावाटे लवकर बाहेर पडतात, म्हणून हे विषहरणच. कोकेनपासून निष्क्रिय बेंझॉइलएक्गोनीन बनते तेव्हा तो खरा ठरतो. मेथिलफेनिडेट या औषधाचेही तसेच. परंतु विद्राव्यता म्हणजे निरुपद्रवीपणा नव्हे. हेरॉइनचे ॲसिटिल गट एकेक करून निघतात तेव्हा आधी ६–ॲसिटिलमॉर्फीन व मग मॉर्फीन मिळते, आणि हेरॉइनचा प्रभाव मुख्यतः या दोहोंमुळेच आहे. 2009च्या स्वाइन फ्लूच्या साथीत पुणेकरांना तोंडपाठ झालेल्या टॅमिफ्लूतील ओसेल्टामिव्हिर हे गिळताना जवळजवळ निष्क्रिय असते. विषाणूविरुद्ध काम करणारे अम्ल सीईएस–१ घडवते. कोणी म्हणेल, अशी शरीरात गेल्यावर सक्रिय होणारी पूर्वऔषधे ही औषधनिर्मात्यांची चतुराई, त्यावरून एंझाइमाचा धर्म ठरवू नये. मान्य. पण मग कोकेन निष्क्रिय होते हा योगायोगही त्याच्या खात्यावर जमा करता येत नाही.

सोमान, ताबुन यांसारख्या मज्जाविषांच्या बाबतीत विषहरण हा शब्द वेगळ्या अर्थाने लागू होतो. विषाचा फॉस्फरस सेरीनला सहसंयुजी बंधाने जखडला जातो. विष अडकते खरे, पण एंझाइमही निकामी होते : एका रेणूला एक रेणू. घूस-उंदरांच्या रक्तद्रवात कार्बॉक्सिलएस्टरेज मुबलक असते, माणसाच्या रक्तद्रवात ते नसते. त्यामुळे सोमानविषयीचे उंदरांवरील निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

विकृतरूप : ग्लायसीन १४३च्या जागी ग्लुटामिक अम्ल आले की ऋणभाराला आधार द्यायच्या ठिकाणी स्वतः ऋणभारित अवशेष येऊन बसतो आणि क्रिया मोठ्या प्रमाणात मंदावते. अशा व्यक्तींत मेथिलफेनिडेट रक्तात जास्त साचते व ओसेल्टामिव्हिर कमी सक्रिय होते. क्लोपिडोग्रेल या रक्तबिंबाणूंना परस्परांत चिकटू न देणाऱ्या औषधाचा मोठा वाटा, सुमारे 85 टक्के, सीईएस–१ एरवी वाया घालवते; येथे तो वाचतो, सक्रिय रूप अधिक तयार होते आणि परिणाम वाढतो. एकाच दोषामुळे एका औषधाची मात्रा जास्त पडते, तर दुसऱ्याची अपुरी.

शरीरांतर्गत कार्य : मेदांच्या चयापचयाशी संबंध; कोलेस्टेरॉल एस्टर तोडण्यातील वाट्याबद्दल मतभेद आहेत.