तळटीप १४ : हमालीची दरवाढ

१४. पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात हमालाची मजुरी बहुतेक नगावर, म्हणजे पोत्यामागे ठरते. ती वाढवून हवी असली, की हमाल पंचायतीसारखी (स्थापना १९५५, डॉ. बाबा आढाव) संघटना मागणी मांडते आणि आडते-व्यापाऱ्यांशी बोलणी होतात. तिढा सुटला नाही, तर बाजार समिती आणि माथाडी मंडळ मध्ये पडतात. १९६९च्या माथाडी कायद्याने नेमलेल्या या मंडळांवर मालक व कामगार यांचे प्रतिनिधी सारख्याच संख्येने असतात, शिवाय शासनाचेही असतात. घासाघीस निव्वळ महागाईवरून होत नाही. पोत्याचे वजनही मोजले जाते. १०० किलोच्या एका पोत्याऐवजी ५० किलोची दोन आली, तर पाठीवरचा भार निम्मा होतो, पण खेपा दुप्पट होतात. मग दर पोत्यामागे धरायचा की क्विंटलमागे, हा खरा वाद. मजुरी वाढली, की तिच्यावर टक्केवारीने बसणारी, मालकाने मंडळाकडे भरायची लेव्हीही वाढते. भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस, रजेचा पगार हे सारे लेव्हीतूनच भागते. त्यामुळे पुढील प्रकरणातले दर वाचताना वाचकांनी मजुरी आणि लेव्ही वेगवेगळी धरावी.
—संपादक