शहाजी

दौंड तालुक्यातील हिंगणी बेर्डी व देऊळगाव येथील पाटिलकीचे वतन ज्या भोसले घराण्याकडे होते, त्यातील बाबाजींचे पुत्र मालोजी यांनी अहमदनगरच्या शाहशरीफ पिरास पुत्रप्राप्तीसाठी नवस केला आणि पुढे झालेल्या दोन मुलांस पिराच्याच नावाचे दोन भाग वाटून देऊन शहाजी व शरीफजी अशी नावे ठेविली, ही परंपरा सर्वश्रुत आहे. पैकी ‘शरीफ’ म्हणजे अरबीत कुलीन; ते नाव धारण करणारे धाकटे बंधू १६२४ साली भातवडीच्या रणात पडले. ‘शाह’ हा शब्द मात्र फारसी म्हणून आपण परका मानीत असलो, तरी प्राचीन इराणी शिलालेखांतील ‘ख्शायथिय’ या रूपापासून तो उतरला असून, सत्ता चालविणे या अर्थाच्या ज्या धातूपासून तो निघाला, त्याच धातूचे वैदिक रूप ‘क्षयति’ आणि त्याच कुळातील ‘क्षत्र’ व ‘क्षत्रिय’ हे शब्द होत. तात्पर्य, पिराच्या प्रसादाने आलेले शहाजी हे नाव व्युत्पत्तीच्या दृष्टीने क्षात्रकुळातलेच ठरते.