मन्याड ते बंगालचा उपसागर

अहमदपूर समुद्रापासून दूर असले, तरी सागराशी त्याचे नाते आहे. तालुक्यातून वाहणारी मन्याड मांजरेस मिळते, मांजरा कंदकुर्ती येथे गोदावरीस आणि गोदावरी आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागरास. गोदावरीच्या मुखाजवळ कोरिंगा अभयारण्य आहे. तेथील खारफुटीत माशांची पिले वाढतात. नजीकच्या होप बेटावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांच्या शिकारीस बंदी केली आहे. परंतु पुराबरोबर येणारे प्लास्टिक कायद्याला अडवता येत नाही. तरंगणारी पिशवी जेलीफिश समजून कासवे गिळतात व दगावतात. ओढ्याकाठी टाकलेला कचरा पावसाळ्यात याच वाटेला लागतो. तो तेथे टाकू नये, अशी आम्ही वाचकांना नम्र विनंती करतो.