गिरणगावातली खाणावळ

परवा धाकटी नात विचारत होती, "आजोबा, खाणावळ म्हणजे मेस ना?" मी हो म्हणालो खरा, पण मनाला काही पटले नाही.

१८५६ साली ताडदेवला मुंबईतली पहिली कापडगिरणी सुरू झाली. पुढे परळ, लालबाग, वरळी असा सगळा भाग गिरणगाव झाला. कोकणातून, घाटावरून माणसे आली ती बहुतेक एकटीच. एका खोलीत दहा-वीस जण, गिरणीच्या पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपायचे. त्यांच्या जेवणाची सोय केली ती कामगारांच्याच घरातल्या बायकांनी, आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत.

सगळा व्यवहार उधारीचा. गडी पगार झाल्यावर पैसे देणार, तोवर मावशी वाण्याकडून उधार आणणार, नाहीतर सावकाराचे व्याज भरणार. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि अशा बायकांना बँकेचे कर्ज मिळू लागले.

आमच्या चाळीत तळमजल्यावर एका मावशींची खाणावळ होती. लग्न होईपर्यंत मीही तिथेच जेवलो. मावशींना लिहिता येत नसे, म्हणून रविवारी वही मी लिहायचो. लग्नानंतरही ते काम माझ्याकडेच राहिले.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला. पण मावशी वाढत राहिल्या. वाण्याने हात आखडता घेतला तेव्हा बांगड्या गेल्या. मग माणसे एकेक करून गावी गेली. संप मागे घेतल्याचे कोणी कधी जाहीर केलेच नाही, तो नुसता विरत गेला.

एका रविवारी मी थकबाकीची बेरीज करायला बसलो. मावशी म्हणाल्या, "राहू द्या मास्तर. त्यांनी बुडवले नाहीत, त्यांचेच बुडाले."

चार-पाच वर्षांनी तिघे येऊन पैसे देऊन गेले. एकाने पैशांऐवजी तांदळाची गोणी आणली. मावशींनी त्याला त्यातलाच भात करून जेवायला घातले.

गिरण्यांच्या जागी आता मॉल आणि टॉवर आहेत. संपाच्या इतिहासात पुढारी, मालक, सरकार सगळे येतात. पण पगार थांबल्यावर माणसे जेवली कोणाच्या जिवावर, हे कुठे फारसे येत नाही.

असो. मावशी गेल्या, वही कुठे गेली ते कोणालाच ठाऊक नाही. तुमच्या घरात कोणाची खाणावळ असेल, तर त्या म्हाताऱ्या बाईला आजच विचारून ठेवा.