तपकिरी रंगाची साक्ष

काही वर्षांपूर्वी नृसिंहवाडीच्या आमच्या काकांच्या मानेत गाठ आली. तंबाखूची चिमूट त्यांच्या दाढेत पन्नास वर्षांची. गाठीचा तुकडा तपासला, तेव्हा पहिला अहवाल आला तो अर्धवट : पेशी कर्करोगाच्या आहेत, पण मूळच्या कुठल्या ते सांगता येत नाही. लसिकापेशींचा कर्करोग असेल तर उपचार एक, तोंडा-घशाच्या अस्तराचा असेल तर दुसरेच. पुढच्या अहवालात एक ओळ होती : ‘सायटोकेराटिन पॉझिटिव्ह’. रोग अस्तराचा ठरला. या एका ओळीमागचा इतिहास मी तेव्हापासून शोधू लागलो.

पेशीलाही सांगाडा असतो, प्रथिनांच्या धाग्यांचा. केराटिन त्यांतलेच एक; केस-नखांतल्या प्रथिनाचे भावंड. अस्तराच्या पेशींत ते असते, लसिकापेशींत सहसा नसते. पण नुसत्या नजरेला ते वेगळे कळत नाही. त्याला नेमके जाऊन चिकटेल असे प्रतिपिंड हवे, आणि ते कुठे चिकटले हे दाखवणारी खूणही हवी.

ही खूण प्रथम लावली हार्वर्डच्या अल्बर्ट कून्स यांनी. संधिवाती तापाने हृदयात होणाऱ्या गाठींमध्ये जंतूंचे अंश खरोखर असतात का, हा प्रश्न १९३९ साली बर्लिनच्या मुक्कामात त्यांच्या मनात आला. प्रतिपिंडाला चमकणारे रंगद्रव्य जोडावे, ही त्यांची युक्ती. पहिले रंगद्रव्य निळे चमके; पण ऊतकही आपणहून निळसर उजळते, म्हणून हिरवे चमकणारे फ्लुओरेसीन घेतले. १९६६ मध्ये नाकाने आणि पिअर्स यांनी रंगद्रव्याऐवजी विकर जोडले. त्याच्या क्रियेने तपकिरी रंग उमटवता येऊ लागला. तो साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसतो आणि काचपट्टीवर टिकतो.

सांगाड्याकडे ही युक्ती वळली १९७४ मध्ये. लाझारिडीस आणि वेबर यांनी ॲक्टिन या प्रथिनाविरुद्धचे प्रतिपिंड वापरले आणि पेशीभर ताणलेल्या तारा उजळून दिसल्या. १९७८ मध्ये फ्रांके, ऑस्बर्न, वेबर प्रभृतींनी दाखवले, की मधल्या जाडीचे धागे सर्व पेशींत एकाच प्रथिनाचे नसतात. म्हणजे धागा ओळखला, की पेशीचे कूळ कळते. काकांच्या अहवालातली ओळ इथली.

कून्स यांचा पहिला लेख १९४१ सालचा. त्याच वर्षी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तिथल्या विकृतिशास्त्र प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ मध्ये मुंबईतल्या मुखकर्करोगावर निबंध प्रसिद्ध केला आणि पान-तंबाखूच्या सवयीकडे लक्ष वेधले.

काका किरणोपचारातून उठले. त्या पावसाळ्यात कृष्णेचे पाणी देवळात चढले, तेव्हा दक्षिणद्वारी स्नानालाही आले. चिमूट सुटली होती. मी त्यांना हा सारा इतिहास सांगितला. ते एवढेच म्हणाले, “म्हणजे रोगाचं कूळ शोधायला जवळजवळ चाळीस वर्षं लागली, आणि कारण मात्र आपल्या मुंबईत आधीच छापून आलं होतं!”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.