गृहकर्ज हस्तांतरण

एका बँकेचे वा गृहवित्त कंपनीचे चालू गृहकर्ज दुसऱ्या संस्थेकडून कमी व्याजदराने घेतलेल्या कर्जातून फेडून घराचे तारण त्या संस्थेकडे देणे, या व्यवहारास गृहकर्ज हस्तांतरण म्हणतात. बँकांमध्ये ‘बॅलन्स ट्रान्सफर’ हेच नाव रूढ आहे. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदारांकडून मुदतपूर्व फेडीचा दंड घेण्यास रिझर्व्ह बँकेने २०१२ साली बँकांना मनाई केली, तेव्हापासून भारतात ही वाट सोपी झाली. बदलत्या दराची नवी गृहकर्जे बँकांना ऑक्टोबर २०१९ पासून रेपो दरासारख्या बाह्य दराशी जोडावी लागतात. तरी त्या दरावर बँक स्वतःची जी अधिक टक्केवारी लावते, ज्याला ‘स्प्रेड’ म्हणतात, ती जुन्या ग्राहकाला अनेकदा चढीच राहते. म्हणून आधी आपल्याच बँकेत अर्ज करावा, कारण थोडे रूपांतर शुल्क भरून दर उतरत असेल तर बाहेर जाण्याचे प्रयोजन उरत नाही.

बाहेर जायचे तर प्रक्रिया शुल्क, वकिलाकडून होणारी हक्कतपासणी, घराचे मूल्यांकन आणि महाराष्ट्रात दस्तऐवज तारण ठेवण्यावरचे मुद्रांक शुल्क हा खर्च नव्याने पडतो. बाकी ३० लाख रुपये, उरलेली मुदत १५ वर्षे आणि दर ९ वरून ८.५ टक्के झाला, तर मासिक हप्ता ३०,४२८ वरून २९,५४२ रुपयांवर येतो. खर्च २५,००० रुपये धरल्यास तो भरून निघायला सव्वादोन वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो आणि त्यापुढची बचत खरी असते. आरंभीच्या वर्षांत हप्त्याचा मोठा भाग व्याजातच जात असल्याने (वरील उदाहरणात जुन्या दराने पहिल्या महिन्याचे व्याजच २२,५०० रुपये होते) हस्तांतरणाचा लाभ तेव्हाच अधिक मिळतो, तर कर्ज फिटत आले असता तो नगण्य ठरतो.

सर्वांत मोठी फसगत मुदतीत होते. हेच कर्ज ८.५ टक्क्यांनी पुन्हा २० वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे २६,०३५ रुपयांपर्यंत उतरतो, परंतु एकूण फेड साडेसात लाखांहून अधिक रुपयांनी वाढते. म्हणजे दर घटूनही कर्ज महाग पडते. त्यामुळे नवी मुदत जुन्या कर्जाच्या उरलेल्या मुदतीइतकीच ठेवावी, आणि शक्य असल्यास हप्ता पूर्वीइतकाच भरून ती आणखी घटवावी. जुने कर्ज पूर्ण फिटल्यावर घराची मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत न केल्यास, आणि विलंब संस्थेमुळेच झाला असल्यास, तिने कर्जदाराला दररोज ५,००० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे.