मृगाच्या बाणाची कुळकथा

चैत्रातल्या रात्री दहाच्या सुमारास जो रत्नागिरीस मांडवीच्या धक्क्यावर उभा राहील, त्याला मृगाच्या पोटात रुतलेल्या बाणाचे तीन तारे समोरच्या समुद्रात उतरताना दिसतील. आणि त्यांतला सर्वांआधी बुडणारा, व्याधाने सोडलेल्या त्या बाणाचे जणू टोकच असा तारा, विषुववृत्ताच्या निकट असल्यामुळे जवळजवळ नेमक्या पश्चिमबिंदूवर मावळेल. ऐतरेय ब्राह्मणात हा बाण ‘इषुस्त्रिकाण्डा’, म्हणजे तीन पेरांचा, म्हटला आहे. आणि याच रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी १८९३ च्या ‘ओरायन’ ग्रंथात याच तीन ताऱ्यांत प्रजापतीची मेखला व यज्ञोपवीताचे मूळ पाहिले.

टिळक हे लिहीत होते तेव्हा बाणाच्या टोकाचे तेज स्थिर नाही, ही नोंद ज्योतिर्विदांच्या दफ्तरी जमा होऊन साठ वर्षे होत आली होती. जॉन हर्शेल यांना १८३४ मध्ये तो फरक जाणवला होता. परंतु तो जेमतेम एकदशांश प्रतीचा, सबब नुसत्या डोळ्यांनी त्याचा नियम बांधणे दुरापास्त होते. १९०४ मध्ये पॉट्सडॅम येथे योहानेस हार्टमान यांनी वर्णपटातील रेषांच्या हेलकाव्यांवरून हा जोडतारा ५ दिवस साडेसतरा तासांत एक प्रदक्षिणा पुरी करतो हे ठरविले. त्याच वर्णपटात कॅल्शियमची एक रेषा मात्र अचल राहिली, आणि ती ताऱ्याची नसून वाटेतल्या अवकाशात विखुरलेल्या वायूची आहे, हा जो शोध हाती आला तो मला मूळ प्रश्नाहूनही मोलाचा वाटतो. पुढे १९१५ मध्ये जोएल स्टेबिन्स यांनी सेलेनियमच्या प्रकाशमापकाने ताऱ्यांचे परस्परांस लागणारे ग्रहण सिद्ध केले.

पण ग्रहणाने सगळा हिशेब मिटत नाही. सूर्याहून पंधरापटींपेक्षाही जड असा मुख्य तारा व त्याचा लहान सोबती इतके जवळ आहेत की, चंद्राने मांडवीच्या पाण्याला भरती यावी तशी त्यांच्या देहांनाच भरती येते, ते लांबोडके होतात, आणि फिरताना कधी रुंद, कधी अरुंद बाजू आपल्याकडे करतात. तेज बदलणाऱ्या ताऱ्यांना मराठीत ‘रूपविकारी’ म्हणतात, ते येथे अक्षरशः खरे आहे. शिवाय या जोडीभोवती तिसरा प्रचंड तारा फिरतो, ज्याच्या प्रकाशात ग्रहणाची खोली फिकी पडते. त्या तिसऱ्याची प्रदक्षिणा एवढी दीर्घ आहे की ‘ओरायन’ प्रसिद्ध झाल्यापासून ती अद्याप एकदाही पुरी झालेली नाही.